मागील वर्षाप्रमाणे

आपल्याकडे नीतीचा प्रश्न म्हटला की तो मोठाच असावा लागतो. हरिश्चंद्राने राज्य द्यावे की नाही, अर्जुनाने धनुष्य उचलावे की नाही, रामाने सीतेला वनात धाडावे की नाही, असल्या प्रश्नांवर शतकानुशतके कीर्तने झाली, नाटके झाली, आणि आमच्या शाळांतून वक्तृत्वस्पर्धाही पुष्कळ झाल्या. परंतु ‘प्रभाग क्रमांक चारमधील नालीच्या दुरुस्तीस येणाऱ्या खर्चाला मंजुरी देणे’ या विषयात काही धर्माधर्म असू शकेल, असे कुणा कीर्तनकाराला आजवर सुचलेले नाही. सुचणार तरी कसे? धनुष्य टाकून बसण्याचा प्रसंग माणसाच्या आयुष्यात एखादेवेळी येतो, बहुतेकांच्या आयुष्यात तर येतच नाही. नाली मात्र रोज दारावरून वाहत असते, आणि जे रोज दारावरून वाहते त्याच्याकडे आपण पाहत नाही.

दिवाळीच्या अंकात नगरपालिकेचा विषय पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे मला ठाऊक आहे. एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात अंक धरून बसलेल्या माणसाला गोष्ट हवी असते. फार तर एखादे प्रवासवर्णन चालते. पण मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस आहे. पोटासाठी मास्तरकी करतो, शिक्षण मॅट्रिकपर्यंत, त्यामुळे तत्त्वज्ञान मला पुस्तकातून फारसे भेटले नाही. जे भेटले ते सभागृहाच्या मागच्या बाकावर बसून भेटले. आमच्या जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेला मी काही वर्षे अधूनमधून जाऊन बसत असे. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. वाचकांनी आपापल्या गावाचे नाव तिथे घातले तरी तपशील फारसा चुकणार नाही. पात्रे मिळतील या लोभाने मी जात होतो. पात्रे मिळालीही, पण त्यांच्यापेक्षा मला गुंतवून ठेवले ते तिथल्या भाषेने.

काय ती भाषा! ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ ‘प्राप्त दरपत्रकांना मान्यता देणे.’ ‘ऐन वेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे.’ विषय पुकारला जातो, एक सूचक होतो, एक अनुमोदक होतो, कोणी हात वर करतो, कोणी नुसतीच मान हलवतो, आणि इतिवृत्तात लिहिले जाते: ‘सर्वानुमते मंजूर’. चौदा विषय पंचवीस मिनिटांत संपल्याचे मी घड्याळ लावून पाहिले आहे. पुढे पोहे आणि चहा यांना मात्र पाऊण तास लागला. या सगळ्यात मला सर्वांत आवडलेला शब्द म्हणजे ‘कार्योत्तर मंजुरी’. आधी खर्च करायचा आणि मग तो करावा की नाही याचा विचार करायचा! लग्न लावून झाल्यावर पत्रिका जुळवून पाहण्याचाच हा प्रकार. तथापि घरोघरीही तो चालतोच, तेव्हा नगरपालिकेला एकटीला हसण्यात अर्थ नाही.

या कारभाराचा पसारा किती आहे हे एकदा नीट पाहिले पाहिजे. आमच्या चांद्याला नगरपालिका आली १८६७ साली. गोंड राजांनी बांधलेला कोट, जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा या चार वेशी, आणि त्यांच्या आत वसलेले गाव. पुढे चांद्याचे चंद्रपूर झाले, कोळशाच्या खाणी आणि वीजनिर्मितीचे केंद्र यांनी गाव कोटाबाहेर लांबवर पसरले, २०११ च्या जनगणनेत वस्ती तीन लाखांच्या वर गेली आणि त्याच साली तिथे महानगरपालिका झाली. महानगरपालिका म्हटली की तिला स्थायी समिती येते. १९४९ च्या कायद्याने या समितीत सोळा जण असावेत असे ठरवून दिले आहे, आणि दर वर्षी त्यांतले निम्मे निवृत्त होतात. पैशाच्या बहुतेक वाटा याच सोळा जणांच्या टेबलावरून जातात.

आणि वाटा तरी कोणत्या? १९९२ साली घटनेत चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती झाली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरांकडे सोपवण्याजोगे अठरा विषय सांगितले आहेत. रस्ते आणि पूल, पिण्याचे पाणी, आग विझवणे, झोपडपट्टीची सुधारणा, बागा, दिवाबत्ती, कोंडवाडे, कत्तलखाने, स्मशाने आणि दफनभूमी, जन्ममृत्यूची नोंद. म्हणजे माणूस जन्मला की त्याची पहिली नोंद नगरपालिकेच्या वहीत, आणि मेला की शेवटचीही तिथेच. दिल्लीच्या सरकारशी आपला संबंध वर्तमानपत्रातून येतो. नगरपालिकेशी तो पाळण्यापासून तिरडीपर्यंत असतो. असे असून आपण भांडतो ते दिल्लीवरून! चहाच्या टपरीवर परराष्ट्रधोरणावर हमरीतुमरीला येणारा माणूस आपल्या प्रभागाच्या सभासदाचे नाव पटकन सांगू शकत नाही, हे मी पाहिलेले आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. मी लाचलुचपतीविषयी लिहीत नाही. तो विषय सोपा आहे. ज्याने पैसे खाल्ले त्याने वाईट केले, हे सांगायला निबंध कशाला हवा? मला अडचण वाटते ती प्रामाणिक सभासदाची. त्याने दमडी घेतलेली नाही, सभेला तो वेळेवर येतो, विषय पुकारला की सगळ्यांबरोबर हात वर करतो आणि निर्धास्त मनाने घरी जाऊन जेवतो. त्याने काय केले? काही केले का? त्याच्या त्या वर गेलेल्या हाताला आपण कृती म्हणायचे की नुसती सवय?

एक उदाहरण सांगतो. मार्च महिन्यात आमच्या भागात उन्हाळा हातात काठी घेऊनच येतो. शाळा सकाळची होते, सातला घंटा. एका वर्षी सकाळची शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या हजेरीपटावर उशिराच्या खुणा दिसू लागल्या. नीट पाहिले तर त्या सहा नावांपुढेच होत्या. सहाही मुली, आणि सहाही नाल्यापलीकडच्या. नाल्यापलीकडे त्याच वर्षी चाळीसएक झोपड्यांची वस्ती झाली होती. जंगलातल्या गावांतून कोणी खाणीवरच्या ठेकेदाराकडे कामाला, कोणी पोरांच्या शाळेसाठी, अशी ती माणसे येऊन राहिली होती. गावात पाण्याचा टँकर पहाटे येई आणि नाल्यावरच्या लहान पुलाच्या अलीकडे तोंड फिरवून परत जाई. मुली उतरून नाला ओलांडत, डोक्यावर एक गुंड, कमरेवर दुसरा; अशा तीन खेपा झाल्या की मग शाळा. एक मुलगी पहिल्या तासाला बाकावर बसल्या बसल्या झोपत असे. तिला उठवण्याचा धीर मला होत नसे.

मी नगरपालिकेत जाऊन चौकशी केली. कारकून सज्जन होता. त्याने फाईल काढून दाखवली. पाणीपुरवठा समितीचा ठराव होता: ‘हंगामी पाणीपुरवठा टँकरद्वारे मागील वर्षाप्रमाणे करण्यास मंजुरी.’ मागील वर्षी नाल्यापलीकडे कोणी राहत नव्हते. तेव्हा मागील वर्षाप्रमाणे टँकर जात होता, यात टँकरचे काय चुकले?

समितीच्या एका सभासदाला मी विचारले. ते म्हणाले, “गुरुजी, आम्ही नुसती शिफारस करतो. शेवटी मंजूर करते ती सभा.” सभेतल्या एकाला विचारले. ते म्हणाले, “समितीने पाहून पाठवलेला विषय. त्यात आम्ही पुन्हा काय पाहणार?” कारकून म्हणाला, “आम्ही टिप्पणी ठेवतो, निर्णय वरचे घेतात.” यांतले एकही वाक्य खोटे नव्हते. समितीने सभेवर विश्वास टाकला होता, सभेने समितीवर, दोघांनी मिळून टिप्पणीवर, आणि टिप्पणीने मागील वर्षावर. एवढा विश्वास एकमेकांवर असलेली माणसे मी दुसऱ्या कुठल्याच संस्थेत पाहिली नाहीत! फक्त त्या मालिकेत ज्याने डोळ्यांनी नाला पाहिला आहे असा एकही माणूस नव्हता.

इथे मला वाल्या कोळ्याची गोष्ट आठवते. माझ्या पापात तुम्ही वाटेकरी व्हाल का, असे त्याने बायकोमुलांना विचारले आणि सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. त्या नकाराने त्याचे डोळे उघडले. समितीत नेमके याच्या उलट घडते. तिथे वाटेकरी व्हायला प्रत्येक जण तयार असतो. जितके वाटेकरी जास्त तितका प्रत्येकाचा वाटा लहान, आणि वाटा पुरेसा लहान झाला की तो कुणालाच जाणवत नाही. वाल्याला एकटे पडावे लागले म्हणून तो वाल्मीकी झाला. त्याच्या घरच्यांनी ‘सर्वानुमते मंजूर’ म्हटले असते तर तो आयुष्यभर वाटा अडवीत सुखाने जगला असता. परंतु दोष सोळांत वाटला किंवा बाविसांत वाटला, तरी त्या मुलीच्या डोक्यावरचा गुंड तेवढाच भरलेला राहतो. त्याचा भागाकार होत नाही. गणित शिकवणारा माणूस म्हणून हे मला फार विचित्र वाटते: भाज्य वाटून संपते आणि बाकी पूर्णच्या पूर्ण उरते.

महाभारतातल्या द्यूतसभेविषयी आपण इतके बोलतो, ते का? तिथे भीष्म गप्प बसले म्हणून. द्रौपदी सभेत उभी होती, तिने प्रश्न विचारला होता, तो ऐकूनही मोठी माणसे खाली मान घालून बसली. विदुर बोलला, आणि कौरवांतला एकटा विकर्ण उठून बोलला, म्हणून त्याचे नाव राहिले. पण वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भीष्मांना गप्प बसणे निदान जड तरी गेले असेल, कारण जिचे वाटोळे होत होते ती समोर होती. नित्याच्या विषयात द्रौपदी सभेत नसते. ती त्या वेळी नाल्यात उतरलेली असते. तिला आपल्यावर सभा भरली आहे हेही माहीत नसते. म्हणून नित्याच्या विषयातले मौन भीष्मांच्या मौनापेक्षा पुष्कळ सोपे असते, आणि सोपे असल्यामुळेच ते अधिक वेळा पाळले जाते.

यावर कोणी म्हणेल, एकट्याने हरकत घेऊन होते काय? बहुमत तर दुसऱ्या बाजूला. याचे उत्तर पुण्याच्या नगरपालिकेत सापडते. जोतीराव फुले १८७६ पासून १८८२ पर्यंत तिथे सभासद होते. १८८० च्या सुमारास व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी हजार रुपये खर्चावेत असा विषय निघाला. पाहुणा मोठा, रक्कम त्या मानाने लहान. असे विषय मंजूर व्हायचेच असतात. जोतीरावांचे म्हणणे पडले की हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. बत्तीस सभासदांत त्यांचे एकट्याचे मत विरुद्ध गेले, ठराव मंजूर झाला आणि कमानी उभ्या राहिल्या.

म्हणजे हरकतीने एक कमानही अडली नाही. मग तिचा उपयोग काय? माझे मत असे की तोवर त्या हजार रुपयांना दुसरी वाट आहे हेच कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हते. एकाने ‘नाही’ म्हटल्याबरोबर उरलेल्या एकतीस जणांना निवड करावी लागली. त्यांनी कमानी निवडल्या, निवडोत. पण आता ती त्यांची निवड झाली, रिवाज राहिला नाही. एकट्याचे मत ठराव पाडू शकत नाही, पण इतरांच्या हाताला ते वजन आणते. त्याआधी तो हात हवेत जातो आणि हवेसारखाच खाली येतो.

दुसऱ्या बाजूनेही एक शब्द सांगितला पाहिजे. प्रत्येक विषयाला हरकत घेणारा सभासद प्रत्येक सभेत एक तरी असतोच. इतिवृत्तातल्या स्वल्पविरामापासून त्याचे सुरू होते. त्याचा आणि माझा काही संबंध नाही. सगळ्याला हो म्हणणारा न वाचता हो म्हणतो आणि सगळ्याला नाही म्हणणारा न वाचता नाही म्हणतो; न वाचण्यात दोघे सख्खे भाऊ आहेत. जोतीरावांनी हजार रुपयांचे नुसते वाकडे धरले नाही, ते कुठे जावेत हे सांगितले.

आमच्या भागापुरते बोलायचे तर या प्रश्नाचे एक निराळेच उत्तर जंगलात सापडते. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला मेंढा नावाचे गोंडांचे लहान गाव आहे. शेजारच्या लेखा गावामुळे लोक त्याला मेंढा-लेखा म्हणतात. शंभराच्या आसपास घरे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. देवाजी तोफा हे त्या गावातले नाव आता पुष्कळांना माहीत आहे, आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी या गावाबरोबर बसून केलेला अभ्यासही. तिथली रीत अशी की ग्रामसभेत निर्णय बहुमताने घ्यायचा नाही. सर्वांची सहमती झाली तरच तो निर्णय. एकाचे जरी मन मानत नसेल तर विषय थांबतो, पुन्हा बोलणे होते. आणि सभेच्या आधी अभ्यासगट बसतात. तिथे निर्णय होत नाही, नुसते समजून घेणे होते.

वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला तरी बांबू विकायचा म्हटला की वाहतूक परवान्यावर गाडी अडे, तो परवाना देण्याचा अधिकार २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या हाती आला. एकेकाळी इकडचा बांबू भाडेपट्ट्याने कागदाच्या कारखान्याला जात असे. त्याचा कागद होई, आणि कोण जाणे, त्यातल्याच काही कागदांवर आमच्या विषयपत्रिकाही छापल्या गेल्या असतील. आता बांबू गावाने विकला आणि कोटीच्या घरातली रक्कम गावाच्या हाती आली. म्हणजे तोवर हक्कासाठी झगडणारी ग्रामसभा आता स्वतःच निधी सांभाळणारी समिती झाली. मजुरी किती, जंगलाच्या कामावर किती, अडल्यानडल्याला किती, हे नित्याचे विषय तिच्यापुढेही आले.

‘सर्वानुमते’ आणि ‘सर्वसहमतीने’ हे शब्द कानाला जुळ्या भावंडांसारखे वाटतात. पण सर्वानुमते म्हणजे कुणीही नाही म्हटले नाही, आणि सर्वसहमतीने म्हणजे प्रत्येकाने हो म्हटले. पहिल्याला झोप लागलेली चालते, दुसऱ्याला चालत नाही. सगळा फरक एवढाच आहे.

असे असूनही मी मेंढ्याची आरती ओवाळणार नाही. शंभर घरांत प्रत्येकाला प्रत्येकाचा नाला ठाऊक असतो. तीन लाखांच्या शहरात एकेकाच्या मनाप्रमाणे थांबायचे ठरवले तर पावसाळा येऊन जाईल आणि नाली तशीच राहील. शिवाय सहमतीलाही आपली एक गुप्त जबरदस्ती असते. घरात दिवाळीला काय घ्यायचे यावर ‘सगळ्यांची सहमती’ कशी होते हे ज्या सुनांनी अनुभवले आहे त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. म्हणून मला मेंढ्याच्या रीतीत सर्वांत मोलाची वाटते ती सहमती नव्हे, तर तिच्या आधीचा अभ्यासगट. निर्णय घ्यायचा नाही आणि फक्त समजून घ्यायचे, यासाठी आपली कुठलीही समिती एक तासदेखील बसत नाही. तिला बसायला कुणी सांगितलेलेही नाही.

याच गडचिरोली जिल्ह्यात २०१५ साली उलट्या दिशेने एक गोष्ट घडली. एटापल्ली, भामरागड, धानोरा अशी तालुक्याची गावे एका अधिसूचनेने नगरपंचायती झाली. रात्री गाव म्हणून झोपलेली माणसे सकाळी नगर म्हणून उठली. नगर झाल्याने रस्त्यांना, दिव्यांना काही निधी आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ग्रामसभा ही गावाची असते, नगराची नसते. काल ज्या माणसाला सभेत मांडी घालून बसण्याचा आणि बोलण्याचा हक्क होता, त्याच्या जागी आज सतरा खुर्च्या आल्या. १९९६ च्या पेसा कायद्याने आदिवासी भागातल्या ग्रामसभांना दिलेले अधिकार नगरपंचायतीच्या हद्दीत लागू होत नाहीत. शहरांत मतदारांची क्षेत्रसभा भरावी अशी तरतूद आपल्या राज्यात २००९ साली कायद्यात केली गेली खरी. माझ्या पाहण्यात अशी सभा आलेली नाही, आणि ज्यांना ज्यांना मी विचारले त्यांच्याही पाहण्यात नाही. आता त्या माणसाला पाच वर्षांतून एकदा बोलावतात. तोवर त्याच्याविषयी जे ठरते ते त्याच्या गैरहजेरीत ठरते. म्हणून मला वाटते, समितीचा प्रत्येक ठराव हा गैरहजर माणसाच्या खिशात घातलेला हात असतो. तो हात परवानगीने घातलेला असतो, हे मान्य. पण परवानगीने दुसऱ्याच्या खिशात हात घालताना माणूस निदान खिसा कुणाचा आहे हे तरी पाहतो.

पुढची गोष्ट जास्त अवघड आहे. २०२२ साली राज्यातल्या पुष्कळ महापालिकांच्या मुदती संपल्या, त्यांत चंद्रपूरही होते. पुढे कित्येक वर्षे निवडणुका झाल्याच नाहीत. प्रशासक आले. सभाही तेच, स्थायी समितीही तेच. सोळा जणांच्या समितीचा ठराव एक माणूस एका खोलीत बसून करी. सूचक कोण, अनुमोदक कोण, हा प्रश्नच मिटला. आणि वाचकहो, खरे सांगायचे तर दिवे लागत राहिले. कचऱ्याच्या गाड्या फिरत राहिल्या. जन्माचे आणि मृत्यूचे दाखले मिळत राहिले. कित्येक सुशिक्षित माणसे मला म्हणाली, “बघा, काही अडले का? उलट कटकट गेली.”

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. समितीवाचून जर सगळे चालते, तर समिती कशाला होती? विषय न वाचता मंजूर करणारे सोळा आणि वाचून मंजूर करणारा एक, यांत एकच बरा, असे म्हणणाऱ्याला आपण काय उत्तर देणार?

लॉर्ड रिपनने १८८२ च्या मे महिन्यात स्थानिक स्वराज्याचा जो ठराव काढला, त्यात त्याचे उत्तर आहे, आणि ते आपण विसरलो आहोत. कारभार सुधारावा हा आपला मुख्य हेतू नाही, असे त्याने स्वच्छ सांगितले होते. लोकांना कारभाराचे शिक्षण मिळावे, हा हेतू. सुरुवातीला चुका होतील, अधिकाऱ्यांनी केले असते त्यापेक्षा काम वाईट होईल, हेही त्याने गृहीत धरले होते. मास्तर म्हणून मला हे ताबडतोब पटते. पोराने सोडवलेले गणित मी सोडवलेल्या गणितापेक्षा वाईटच असते. म्हणून सगळ्या वह्या मीच भरून टाकल्या तर वर्ग फार नीटनेटका दिसेल. तपासणीला येणारे साहेबही खूश होतील. फक्त शाळा बंद पडलेली असेल.

तेव्हा समिती कार्यक्षम आहे म्हणून हवी, असे मी म्हणत नाही. ती हवी, कारण तिच्यातला माणूस विचारता येतो. तो माझ्याच गल्लीत राहतो, बाजारात त्याच थैल्या घेऊन भाजी घेतो, त्याच्या मुलीच्या लग्नाला मला बोलावतो. टँकर नाल्यापलीकडे का गेला नाही, हे मी त्याला रस्त्यात उभे करून विचारू शकलो. त्याने दिलेले उत्तर वाईट होते, पण उत्तर द्यावे लागले आणि ते देताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. बदली होऊन आलेल्या आणि बदली होऊन जाणार असलेल्या माणसाला मी काय विचारणार? तो कदाचित अधिक चांगला असेल. बहुधा असेलही. पण त्याच्या चांगुलपणात माझा काहीच भाग नाही.

तो टँकर पुढे पुलापलीकडे जाऊ लागला, हे सांगायचे राहिले. सभेत ऐन वेळचा विषय म्हणून तो निघाला आणि सर्वानुमते मंजूर झाला. मे महिना उजाडला होता. शाळेला सुट्टी लागलेली होती.

त्याच्या पुढच्या निवडणुकीत माझा एक जुना विद्यार्थी सभासद म्हणून निवडून आला. वर्गात होता तेव्हा बेताचाच, पण मनाने सरळ. त्याला पाणीपुरवठा समितीवर घेतले. एके दिवशी संध्याकाळी तो घरी आला, हातात विषयपत्रिकेचे बाड.

“गुरुजी, तुमी तं आमाले वाचत जा म्हणता,” तो म्हणाला, “पण हे चाळीस पानं हायेत जी. काल रात्री आले, उद्या सकाळी सभा हाये. आता यातलं का वाचू मी, सांगा ना.”

“जिथे ‘मागील वर्षाप्रमाणे’ लिहिले असेल ते आधी काढ,” मी म्हणालो.

त्याने पाने चाळली. थोड्या वेळाने वर पाहून म्हणाला, “सगळीकडंच लिवलं हाये जी.”

घरातून चहा आला. मग आम्ही बाड मधे ठेवले, चष्मे काढले आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा होता. त्यालाच आम्हाला अर्धा तास लागला.